समुद्राकडच्या खिडकीची जागा

कुवेतमध्ये रेल्वे नाही. पूर्वी नव्हती, आत्ताही नाही. 'लवकरच येणार' अशी बातमी अधूनमधून पेपरात येते, पण ती वाचून खूश होणारी माणसं आता रिटायर होऊन आपापल्या गावी गेली. अशा देशात राहून एखाद्या माणसाने रेल्वेपायी अख्खं वर्ष घालवावं, आणि तेही गळ्यावर कुणी सुरी ठेवलेली नसताना, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. मी ठरवायचं सोडून दिलं आहे. हल्ली मी बरंच काही सोडून दिलं आहे.

सुरुवात एका शुक्रवारी झाली. शुक्रवार हा आमचा रविवार. बाहेर धुळीचं वादळ होतं. अब्बासियातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून एरवी समोरच्या इमारतीचे एसी आणि त्यांच्यावर बसलेली कबुतरं दिसतात. त्या दिवशी तीही दिसत नव्हती, म्हणजे देखावा जरा सुधारला होता. माझी पत्नी रत्नमाला मटार सोलत होती आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून काहीतरी बघत होती.

"अहो, ही गाडी बघा," ती म्हणाली.

मी बघितली. जपानमधल्या कुठल्या तरी खेड्यापाड्यांतून जाणारी छोटीशी रेल्वे. दोनच डबे. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला, अगदी खिडकीखाली, समुद्र. लाट फुटली की पाणी काचेवर येईल असं वाटावं इतका जवळ.

"आपली कोकण रेल्वे समुद्राकाठानं जाते म्हणतात, पण मला मेला एकदाही समुद्र दिसला नाही," रत्नमाला म्हणाली. हे अगदी खरं आहे. आम्ही वेंगुर्ल्याकडचे. कोकण रेल्वेतून समुद्र दिसत नाही हे कोकणाबाहेरच्या माणसाला कितीही सांगा, पटत नाही. दिसतात ते बोगदे, आणि दोन बोगद्यांच्या मध्ये भजीवाला.

"जाऊ या की एकदा," मी म्हणालो.

आता नवरा 'जाऊ या की एकदा' कुठल्या आवाजात म्हणतो हे प्रत्येक बायकोला ठाऊक असतं. 'एकदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेऊ' हेही त्याच आवाजात म्हटलं जातं. रत्नमालाने मान हलवली आणि पुढची शेंग घेतली. विषय तिथेच संपला असता. पण सोफ्यावर शेजारच्या श्वेतावहिनी बसल्या होत्या.

श्वेतावहिनी पुण्याच्या. टूरबरोबर युरोप करून आल्यापासून जगातल्या कुठल्याही गावाचं नाव काढलं की त्या डोळे मिटून "हंऽऽ" म्हणतात. त्यांनी हसून म्हटलं, "जपान? भावजी, तुम्ही? तुम्ही तर फहाहीलच्या पुढे गेला नाहीत कधी!"

"या डिसेंबरात जाणार आहोत आम्ही," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो हे मला इतरांच्या चेहऱ्यांवरून कळलं. मटार सोलणारा हात थांबला होता. आतल्या खोलीतून आमची मुलगी तेजस्वी कानातले इअरफोन काढून बाहेर आली होती आणि "वेट, व्हॉट?" म्हणाली होती. आणि रत्नमाला माझ्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. दर सुट्टीला आम्ही गावी जातो आणि कुणाची तरी लग्नं लावून, घराची कौलं शाकारून, दातांची कामं करून परत येतो. पुढल्या वर्षी तेजस्वी कॉलेजला पुण्याला जाणार. मग घरात आम्ही दोघं आणि एसी. हे सगळं तिच्या त्या बघण्यात होतं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

बातमी संध्याकाळपर्यंत इमारतभर झाली. खालच्या मजल्यावरचा इम्तियाज पहिला आला. हा श्रीवर्धनचा, कार्गो कंपनीत आहे, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू कुठूनही कुठेही कशी पाठवावी हे त्याला कळतं, आणि माणूसही त्याच पद्धतीने पाठवावा असं त्याचं मत आहे.

"तुळशीभाई, डाव्या बाजूच्या सीटा घ्या. समुद्र डाव्या बाजूला."

"उजव्या," श्वेतावहिनी म्हणाल्या. "आम्ही स्वित्झर्लंडमध्ये उजवीकडेच बसलो होतो."

"वहिनी, स्वित्झर्लंडला समुद्र नाही."

"तळं होतं!"

हा वाद तीन आठवडे चालला. शेवटी मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, डब्याच्या झाकणाची गाडी केली, त्यात तीन चणे बसवले आणि ती किनाऱ्याने स्वतःच्या हाताने ढकलत नेली. दोन्ही सल्ले चुकीचे असण्याचीही शक्यता मी तपासली. मी एसीच्या डक्टचा एस्टिमेटर आहे. इमारतीत एक इंच पत्रा कमीजास्त होऊ देत नाही. त्या माणसाला आपली बायको समुद्राकडे बसेल की डोंगराकडे हे ठरवता येऊ नये? आलं. समुद्राकडच्याच तीन जागा मी मिळवल्या. या सगळ्या प्रकरणात मी बिनचूक केलेली ही एकमेव गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगून ठेवतो.

मग व्हिसा.

व्हिसासाठी बाकी कागदांबरोबर माझ्या वर्क परमिटचं इंग्रजी भाषांतर लागत होतं. परमिट अरबीत. इतक्या वर्षांत मला अरबी वाचता येत नाही याबद्दल कुणी हसू नये. माझ्या ओळखीच्या अनेकांना मराठीही वाचता येत नाही. भाषांतराच्या दुकानातल्या माणसाने कागद टाइप केला, माझ्याकडे एकदा बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं, आणि शिक्का मारला. मी बाहेर येऊन वाचलं. नाव: तुळशीदास केळुसकर. हुद्दा: सहाय्यक मधमाशीपालक.

मी परत आत गेलो. तो म्हणाला, जे लिहिलंय तेच मी लिहिलंय.

आमच्या कंपनीत झहूर नावाचे हैदराबादचे गृहस्थ मंदूब आहेत. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. त्यांना मी विचारलं. त्यांना चटकन आठवलं, किंबहुना ते कधी विसरलेच नव्हते. मी कंपनी बदलली तेव्हा इथे एस्टिमेटरची जागा परमिटवर शिल्लक नव्हती. मालकाची वफ्रामध्ये शेती आहे. तिथे मधमाश्यांकडे एक जागा रिकामी होती.

"आप ही ने तो कहा था, 'झहूरभाई, जल्दी करो'," ते म्हणाले.

"पण माश्या?"

"क्या फरक पडता है केळुसकर साब? साल भर में एक बार रिन्यू होता है. मक्खी को भी कोई एतराज नहीं."

"आणि सहाय्यक का? निदान मुख्य तरी लिहायचं!"

"मुख्य वाला आदमी है उधर," झहूरभाई म्हणाले. "बंगाली है. बहुत सीनियर है."

हुद्दा बदलायचा तर माझी डिग्री लागणार होती. डिग्री वेंगुर्ल्याच्या घरात ट्रंकेत होती, ट्रंकेची किल्ली माझ्या थोरल्या वहिनीकडे आणि वहिनी मुलीकडे बडोद्याला. डिग्री मिळाली तरी तिच्यावर इतक्या कचेऱ्यांचे शिक्के बसायचे होते की तोवर तेजस्वीचंही शिक्षण होऊन तिच्या डिग्रीवर ते शिक्के बसले असते. तेव्हा सहाय्यक मधमाशीपालक म्हणूनच जपानला जायचं ठरलं.

इमारतीला हे कसं कळलं मला ठाऊक नाही. पण दुसऱ्याच दिवशी इम्तियाजची बायको रबिया जिन्यात भेटली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "भाईजान, मुलांना खोकला आहे. थोडा घरचा मध मिळाला असता तर..." खालच्या बकाल्याचा, म्हणजे किराणा दुकानाचा, मालक मला 'अस्सल मधवाले' म्हणून हाक मारू लागला. श्वेतावहिनींनी मधमाश्यांवरचा एक तासाचा माहितीपट पाठवला. व्हिसाच्या खिडकीवर प्रश्न विचारतील, तयारीत असलेलं बरं. मी तो बघितला. खोटं कशाला बोलू, दोनदा बघितला. राणीमाशी, कामकरी माशी, नर. नरांचं पुढे काय होतं ते ऐकून रत्नमालाला हसू आवरेना.

खिडकीवर एक शांत चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी कंपनीचं पत्र वाचलं, त्यात एस्टिमेटर. परमिट वाचलं, त्यात माश्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यात अख्खं पोळं तयार होतं. कुठल्या फुलाचा मध, पेटी केव्हा उघडायची, धूर किती द्यायचा. पण त्या बाई इतक्या आदराने बघत होत्या की माझी जीभ वळेना.

"मॅडम," मी म्हणालो, "मी एसीच्या डक्टचं काम करतो. माश्या फक्त कागदावर आहेत. मी आयुष्यात एकही माशी पाळलेली नाही. बायकोला गाडीतून समुद्र बघायचा आहे."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि "थँक यू" म्हणाल्या. बास. घरी येऊन मी सांगितलं तेव्हा इम्तियाजने कपाळाला हात लावला. "तुळशीभाई, सगळ्या कुवेतात खरं बोलायला तुम्हाला तीच खिडकी मिळाली?" त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. रत्नमाला तर समजूतही घालायला लागली की नाहीतरी तिला थंडी सोसत नाही, आणि समुद्र काय, इथेही आहे. बायको समजूत घालायला लागली की माणसाचं खरं हसं होतं.

पासपोर्ट आले. तिन्हींवर व्हिसा होता. का दिला, मला आजही ठाऊक नाही.

रजेचं राहिलं होतं. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर मुनव्वरसाहेब मोठ्या मनाचे आहेत. रजा लगेच दिली. फक्त म्हणाले, "फोन तेवढा चालू ठेवा, केळुसकर. टेंडर आहे." मी माझ्या एकट्याच्या फोनवर रोमिंग घेतलं. रत्नमाला आणि तेजस्वीच्या फोनला कशाला, एक छोटं वायफायचं यंत्र भाड्याने घेऊ, ते आम्हा तिघांत पुरेल, असा हिशेब मी केला. तो हिशेब कागदावर बरोबर होता.

निघताना अख्खी इमारत कपडे घेऊन आली. श्वेतावहिनींचा लेहला नेलेला कोट रत्नमालाला, इम्तियाजची माकडटोपी मला, कुणाचे तरी हातमोजे, जे दोन्ही उजव्या हाताचे निघाले. विमानप्रवासाचं आणि त्या मोठ्या शहराचं मी काही सांगत बसत नाही. चाललो, चुकलो, परत चाललो. माझा गुडघा तेव्हापासून जो बोलतो आहे तो अजून गप्प झालेला नाही. शेवटी उत्तरेकडे जाऊन, एका बर्फाच्या गावात रात्र काढून, आम्ही त्या गाडीत बसलो.

गाडी फोनमध्ये दिसली तशीच होती. स्वच्छ, ऊबदार, आणि इतकी शांत की रत्नमालाने दशम्यांचा डबा उघडला तो आवाज पुढल्या डब्यापर्यंत गेला असावा. लसणीच्या चटणीचा वास तर नक्कीच गेला. कुणी वळून बघितलं नाही. न बघण्याची ही जी त्यांची पद्धत आहे, तीत माणूस जास्त मेल्यासारखा होतो. तिने डबा मिटला.

रत्नमाला खिडकीला, तिच्या समोर तेजस्वी, मी कडेला. बाहेर बर्फाची शेतं, उघडी झाडं, एखादं निळ्या छपराचं घर. समुद्राचा पत्ता नाही. मी दर थोड्या वेळाने सांगत होतो, "आता येईल." रत्नमाला म्हणाली, "येईल तेव्हा येईल हो. तुम्ही टेकून बसा जरा." तेजस्वी म्हणाली, "बाबा, रिलॅक्स. इट्स नॉट युवर समुद्र." मी टेकून बसलो. नकाशाप्रमाणे पुढे एक लहानसं स्टेशन, मग बोगदा, आणि बोगद्यापलीकडे लगेच समुद्र सुरू होणार होता. तिथून पुढला पट्टाच पाहण्यासारखा. त्यासाठीच तर वर्षभर सगळा खटाटोप.

आणि माझा फोन वाजला. माझ्या फोनवर देवळातल्या घंटेचा आवाज आहे, कारण साइटवर दुसरं काही ऐकू येत नाही. त्या शांत डब्यात जणू काकडआरती सुरू झाली. मुनव्वरसाहेब होते. मी फोन छातीशी दाबून दोन्ही डब्यांच्या मधल्या जागेत पळालो. कंडक्टरने कमरेत वाकून, दोन्ही हात जोडल्यासारखे करून मला काहीतरी समजावलं. गाडीत फोनवर बोलू नये, एवढं कळलं. तेवढ्यात ते लहानसं स्टेशन आलं. दार उघडलं. मागे एका स्टेशनावर गाडी चांगली थांबली होती, लोकांनी उतरून फोटो काढले होते. इथेही थांबेल, असं मी धरलं. खाली उतरलो.

"केळुसकर, किचनच्या हूडचा पत्रा किती गेजचा धरलाय?"

मी सांगितलं. एवढाच प्रश्न होता. फोन ठेवून वळलो तर गाडी निघालेली.

आपल्याकडे गाडी सुटते म्हणजे काही रीत असते. शिट्टी होते, धक्का बसतो, दोन माणसं धावतात, चहावाला खिडकीतून पैसे मागतो. माणसाला कळायला अवकाश मिळतो. ही गाडी कुणाची झोप मोडू नये अशा बेताने निघाली होती. मी "ओऽऽ" असा ओरडलो. मराठीत ओरडलो. गाडी पुढच्या बोगद्यात शिरली आणि तिचा लाल दिवा आत नाहीसा झाला.

प्लॅटफॉर्मवर मी एकटा. स्टेशनमास्तर नाही, तिकीट खिडकी नाही, एक लाकडी खोपटं आणि बर्फ. माझा कोट गाडीत, टोपी गाडीत, पासपोर्ट रत्नमालाच्या पर्समध्ये. मी तेजस्वीला मेसेज करायला फोन काढला आणि दुसऱ्या हाताला पँटच्या खिशात ते वायफायचं यंत्र लागलं. तिघांत पुरणारं. म्हणजे इंटरनेट सगळं माझ्यापाशी आणि ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याकडे थेंबभरही नाही. हजारो मैलांवरून मुनव्वरसाहेब मला पत्र्याची जाडी विचारू शकत होते. एका बोगद्यापलीकडे असलेल्या बायकोला 'मी खाली राहिलो' एवढं सांगायची सोय मी ठेवली नव्हती.

वेळापत्रकाची पाटी जपानीत होती, पण आकडे आकडेच असतात. पुढची गाडी पार संध्याकाळी होती.

मी खोपटात जाऊन बसलो. तिथे एक म्हातारी बाई स्टोव्हजवळ आधीच बसलेली होती, शेजारी कोबीची पिशवी. तिने माझ्या स्वेटरकडे बघितलं, बोगद्याकडे बघितलं, आणि आपल्या फोनवर काहीतरी बोलून तो माझ्यासमोर धरला. फोनवर इंग्रजीत उमटलं होतं: 'तुमची पत्नी रागावून निघून गेली का?'

मी माझ्या फोनवर लिहिलं: 'नाही. गाडी निघून गेली. पत्नी आत होती.'

तिने ते वाचलं आणि 'असं आहे होय' अशी मान हलवली. कितीही समुद्र ओलांडले तरी बायका नवऱ्यांचं बोलणं ऐकून ज्या पद्धतीने मान हलवतात ती पद्धत बदलत नाही. मग तिने पिशवीतून दोन संत्री काढून माझ्या हातात ठेवली, कुठेतरी फोन लावला आणि बराच वेळ बोलली. बोलताना मला नखशिखांत न्याहाळत होती. माझं वर्णन चाललं होतं. त्या भाषेत 'जाडसर' या शब्दाला काय म्हणतात कोण जाणे, पण हातांवरून कळत होतं. थोड्या वेळाने उलटा फोन आला. पुढच्या मोठ्या स्टेशनवर एक बाई आणि एक मुलगी उतरून थांबल्या आहेत. दोघी सुखरूप आहेत. त्यांना कळवलं आहे.

मी वाकलो. तिथल्या पद्धतीने किती वाकायचं असतं ठाऊक नव्हतं, म्हणून आपल्या पद्धतीने नमस्कारच केला. तिने माझी पाठ थोपटली. मग तिला न्यायला कुणी तरी छोट्या ट्रकमधून आलं आणि ती कोबी घेऊन निघून गेली.

दुपारभर मी त्या बोगद्याकडे बघत बसलो. स्टेशनच्या समुद्राकडच्या बाजूला नेमकी टेकडी होती. वारा सुटला की पलीकडून आवाज यायचा. लाटांचाच. आवाज येत होता आणि मला दिसत होती एक कोबीची वखार.

गाडी आली तेव्हा काळोख पडत होता. तिकडे डिसेंबरात दिवस लवकर मिटतो. बोगदा संपला आणि मी खिडकीला नाक लावलं. बाहेर सगळं काळं. काचेत माझाच चेहरा, स्वेटरवर संत्र्याची साल. इतक्या वर्षांत स्वतःचा चेहरा मी एवढा वेळ कधी बघितला नव्हता. बघण्यासारखं त्यात काही नाही.

मोठ्या स्टेशनवर रत्नमाला बाकावर बसली होती, माझा कोट मांडीवर. मी शिव्या खायच्या तयारीने उतरलो.

"आधी कोट घाला," ती म्हणाली.

तेजस्वी येऊन मला बिलगली. ही मुलगी सातवीनंतर चारचौघांत माझ्या शेजारी उभी राहत नाही. "आम्हाला वाटलं तुम्ही दाराशी आहात," ती मराठीत म्हणाली. "फोनवर. आईच म्हणाली, ऑफिसचा फोन आला की बाबा तासभर नसतातच. म्हणून आम्ही बघितलंच नाही, बाबा. समुद्र संपल्यावर मी शोधायला आले."

मुनव्वरसाहेबांवर राग काढावा म्हटलं, तर असले प्रश्न आधीच्या किती जेवणांत, किती वाढदिवसांत मी असाच उठून ऐकायला गेलो होतो. तो माणूस फक्त फोन करतो. उठतो मीच.

"उद्या परत जाऊ या," मी म्हणालो. "उलट्या दिशेने. सगळे मिळून."

दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे गाडी बंद होती. त्यांनी बस दिली. बस डोंगराच्या मागून गेली. तिसऱ्या दिवशी विमान होतं.

परत येताना त्या पट्ट्याचा विषय मी काढला नाही. रत्नमालानेही काढला नाही. मला वाईट वाटेल म्हणून ती गप्प होती, आणि तिला तसं वाटू नये म्हणून मी. तेजस्वीकडे फोटो होते, पण बोगद्याच्या अलीकडचे आणि समुद्र मागे पडल्यानंतरचे. मधले काढलेच नव्हते. "आईने हात धरून ठेवला होता," एवढंच म्हणाली.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी सगळे आले. श्वेतावहिनी, इम्तियाज, रबिया, कपडे परत न्यायला आलेली मंडळी. चहा झाला, चकल्या झाल्या. दोन्ही उजवे हातमोजे कुणाचे ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

"मग भावजी," श्वेतावहिनी पाय पोटाशी घेऊन बसत म्हणाल्या, "समुद्र डावीकडे की उजवीकडे? आणि कसा होता? नीट सांगा हं, सगळं."

सगळे माझ्याकडे वळले. मी घसा साफ केला. इतके महिने या माणसांनी माझे कागद, माझ्या माश्या, माझी टोपी वाहिली होती. आता मी काय सांगणार होतो? वखार?

"मी सांगते," रत्नमाला म्हणाली. किटली खाली ठेवून ती माझ्या शेजारी येऊन बसली. "आम्ही तिघं असे बसलेलो. बाहेर नुसता बर्फ. हे आपले सारखे म्हणतायत, आता येईल, आता येईल. मग बोगदा आला. सगळीकडे काळोख. मला वाटलं, झालं, आपली कोकण रेल्वे! आणि बोगदा संपला तो एकदम खालीच पाणी. काळंनिळं. आम्ही श्वासच धरला. लाट येते ती घराएवढी, आणि खडकावर फुटली की तिचा फेस उडून गवतावर बसतो, कापूस पिंजल्यासारखा. ड्रायव्हरने गाडी हळू केली, बघा. त्याला रोज दिसतं ते, तरी त्याने हळू केली."

आम्ही. प्रत्येक वाक्यात आम्ही. एकदाही तिने 'मी आणि तेजस्वी' म्हटलं नाही. तेजस्वी दारात उभी होती, तिनेही आईचं वाक्य सुधारलं नाही. इम्तियाजने चकली तोंडाशी नेऊन तशीच धरली होती.

"एका खडकावर एकच झाड," रत्नमाला सांगत होती, "वाऱ्याने एवढं वाकलेलं. आणि त्याच्याखाली एक माणूस उभा, हातात छत्री. गाडी जाईपर्यंत तो हात हलवत होता. आम्ही पण हलवला."

ती थांबून चहाचा घोट घ्यायला लागली. मी पुढे सरकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसलो होतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

श्वेतावहिनींनी चमकून माझ्याकडे बघितलं. इम्तियाजनेही. रत्नमालाने कप खाली ठेवला आणि बाकीच्यांकडे पाठ करून, सरळ माझ्याकडे वळून बसली.

"मग," ती म्हणाली, "पाण्यावर बर्फ पडायला लागला."